औंधचे तीन दिवस: आत्याची देवी, माझी चित्रं

पहिला दिवस, रविवार

आत्याला यमाईला जायचं होतं आणि मला भवानी चित्रसंग्रहालयात. दोन्ही सातारा जिल्ह्यातल्या औंधात, दोन्ही एकाच डोंगरावर, त्यामुळे घरात वाद झाला नाही. आत्या ७२ वर्षांची. यमाई तिच्या माहेरची, म्हणजे आमची, कुलदेवता. दर दोन-तीन वर्षांनी ओटी भरायला ती जातेच. "देवीच्या वाटेवरच आहे ते म्युझियम, पण मी कधी आत गेले नाही बाई. एवढं चढून वर जायचं, तर आधी देवी," असं निघतानाच सांगून तिनं क्रम ठरवून टाकला.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना वीस वर्षं फळ्यावर रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर ही नावं लिहून देते आहे. या तिघांचीही मूळ चित्रं एका छपराखाली असलेलं औंध पुण्याहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि मी ते बघितलेलं नव्हतं. हे मुलांना कळलं तर काय म्हणतील, म्हणून या दिवाळीनंतर उठून निघालेच.

स्वारगेटहून साताऱ्यापर्यंत काहीच घडलं नाही. साताऱ्याच्या स्टँडवर औंधची गाडी दीड तासानं होती. थांबायला नको म्हणून रहिमतपूरपर्यंत वडाप (शेअर गाडी) पकडायचा निर्णय माझा, आणि तो सपशेल चुकला. रहिमतपूरच्या अलीकडे टायर बसला. ड्रायव्हरनं स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही. बारा माणसं, दोन दुधाच्या किटल्या आणि एक कोंबडी रस्त्याच्या कडेला उतरलो. शेजारच्या वावरात आल्याची काढणी चालली होती. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते, तोवर आत्या बांधावर जाऊन बसली, बायकांशी बोलली, त्यांच्याकडून शेर-दोन शेर ओलं आलं पिशवीत भरून घेऊन आली. पैसे कुणी घेतले नाहीत. "देवीला निघालेय म्हणून सांगितलं," म्हणाली. पुढचे तीन दिवस आमच्या सगळ्या सामानाला आल्याचा वास येत होता.

औंधात पोचलो तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. सामान खोलीवर टाकायच्या आधीच मी रिक्षा वर घ्यायला लावली. संग्रहालय डोंगराच्या मध्यावर आहे, तिथपर्यंत गाडी जाते. पहारेकरी कुलूप ओढून बघत होता.

"बंद झालं, ताई."

"उद्या किती वाजता उघडतं?"

"उद्या सोमवार."

दोनच शब्द, पण त्यात सगळं आलं. मी आत्याकडे बघितलं. ती रिक्षातून उतरलीसुद्धा नव्हती. "देवीनं एक दिवस ठेवून घेतलं तुला," ती म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून हसली.

रात्री गुरवांच्या ओळखीनं मिळालेल्या घरी भाकरी, हुलग्याचं शेंगोळं आणि शेंगदाण्याची चटणी. हुलगा हे पाणी कमी असलेल्या मुलखाचं धान्य, आणि खटाव-माणचा मुलूख तसाच. शेंगोळ्यात घरच्या काकूंनी आमचंच आलं ठेचून घातलं होतं.

दुसरा दिवस, सोमवार

सकाळी साडेसहाला पायऱ्यांना लागलो. आत्याला गाडीनं वर जायचा सल्ला मी दिला आणि तिनं तो ऐकला नाही. दहा-बारा पायऱ्या, मग टेकायचं, मग पुन्हा दहा-बारा. तिच्या हातात खण-नारळाची पिशवी, माझ्या हातात तिची पाण्याची बाटली.

डोंगराला मूळपीठ म्हणतात. कथा अशी की इथं औंधासुर नावाचा दैत्य माजला होता. त्याला मारायच्या कामी जोतिबानं देवीला हाक घातली, "ये माई!" आणि तिची यमाई झाली. आत्या ही कथा सांगताना हाक खरोखर मोठ्यानं घालते. पायऱ्यांवरचं एक कुत्रं त्या हाकेनं उठून बसलं.

अर्ध्या वाटेवर संग्रहालय लागलं. बंद. कालच्या घाईत मी इमारत नीट बघितलीच नव्हती, आता आत्याच्या दम खाण्याच्या निमित्तानं बघितली. १९३८ सालची ही वास्तू, म्हणजे आज ती स्वतःच जुनी वस्तू झाली आहे. जुन्या वाड्यात उरलेली दोन दालनं रिकामी करून कपाटं लावली, तसला हा प्रकार नाही. चित्रं टांगण्यासाठीच ती बांधलेली आहे, आणि तीही पेठेत किंवा वाड्याशेजारी न बांधता देवीच्या वाटेवर. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हे का केलं असेल ते तिथं पायरीवर बसल्यावर मला आपोआप समजलं. शनिवार-रविवार, अष्टमी-पौर्णिमा, पौषातली यात्रा. गावोगावची माणसं या वाटेनं जाणारच. त्यांना वेगळं बोलवायला नको. वाट बघत दार उघडं ठेवायचं, बस्स. (आमच्यासारख्यांनी फक्त सोमवार टाळायचा.)

माथ्यावर किल्ल्यासारखी तटबंदी आहे आणि आत देऊळ. काळ्या पाषाणाची मोठी बैठी मूर्ती. गाभाऱ्यात तेल, कापूर आणि झेंडूचा एकत्र वास. आत्यानं ओटी भरली आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. ती काय मागते ते मी कधी विचारत नाही. बाहेर तटावरून खाली औंध दिसतं आणि त्याच्यापलीकडे उघडे-बोडके डोंगर, एकामागं एक, पूर्वेकडे फिके होत गेलेले. हा मुलूख बघून संस्थान म्हणजे काय याच्या आपल्या कल्पना बदलतात. इथं पिकणार काय आणि राजा श्रीमंत होणार किती?

उतरताना आत्याचे गुडघे बोलायला लागले. दुपारी ती आडवी झाली आणि मी गावात हिंडले. वाडा, वाड्याजवळचं गावातल्या यमाईचं देऊळ, आणि त्याच्यासमोर मान मागं टाकून बघावी लागते अशी दीपमाळ. मला तिच्यावरचे दगडी हात फार आवडले. दिवे ठेवायला बाहेर काढलेले, खालून वर लहान होत गेलेले. चित्रकलेच्या वहीत काढायला घेतले आणि तीन ओळींनंतर प्रमाण चुकलं. मुलांचं चुकलं की मी रागावते.

संध्याकाळी घरमालक आजोबा ओट्यावर बसले होते. वय ८६. संस्थान १९४८ साली विलीन झालं तेव्हा ते शाळकरी पोर होते. मी म्हटलं, "राजाचं काही आठवतं का, आजोबा?"

"आठवायला काय, आमची कंबर आठवती," ते म्हणाले. "रोज नमस्कार घालायला लावायचे. शाळेत. मास्तर मोजायचे."

सूर्यनमस्कार हा बाळासाहेबांचा ध्यास होता. स्वतः नेमानं घालायचे आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले होते. त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं, तेही लुईस मॉर्गन या वार्ताहर बाईनं संपादित केलेलं. आज जगभर चटया पसरून जे चालतं त्याचा एक धागा खटाव तालुक्यातल्या या गावापर्यंत येतो. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग त्यांची पण कंबर दुखत असंल."

या माणसाच्या कामांची यादी करायला बसलं तर थक्क व्हायला होतं, आणि मी याद्यांना कंटाळते, म्हणून जे ओट्यावर बोलण्यात आलं तेवढंच सांगते. घराणं मूळचं किन्हईचं. परशुराम त्र्यंबकांना छत्रपतींच्या दरबारात प्रतिनिधीपद मिळालं आणि त्यावरून पंतप्रतिनिधी. बाळासाहेब १८६८ साली जन्मले, १९०९ साली गादीवर आले. संस्थान ७२ गावांचं, आणि तीही सलग नाहीत. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल आणखी कुठं. कुंडलजवळचा माळ त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला आणि १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओगल्यांचा काचकारखानाही संस्थानच्याच हद्दीत, कऱ्हाडजवळ. हे ऐकल्यावर आत्या आतून म्हणाली, "म्हणजे आमचा प्रभाकर कंदील इथला!" झोपली नव्हतीच ती.

वेदांचे पंडित म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते श्रीपाद दामोदर सातवळेकर १९४८ पर्यंत औंधातच होते. ते मुळात चित्रकार, जे. जे.मध्ये शिकलेले, हे मी वर्गात नेहमी सांगते, कारण पालकांना वाटतं चित्रकलेनं पोरगं वाया जातं. साने गुरुजी इथं शिकायला येऊन राहिले होते. गदिमाही इथल्या शाळेत शिकले, आणि मॅट्रिकला नापास झाले. तेही वर्गात सांगते, पण जरा हळू.

आणि बाळासाहेब देवळात कीर्तनाला उभे राहायचे. राजा हातात चिपळ्या घेऊन. आत्याच्या आजीनं ते बघितलं होतं म्हणे. "आजी सांगायची, राजा कीर्तन सांगतोय म्हटल्यावर कुणी मध्ये उठून जायचं नाही," आत्या म्हणाली. "आवडलं तरी बसायचं, नाही आवडलं तरी बसायचं."

रात्री तिच्या गुडघ्यांना खोबरेल तेल कोमट करून चोळलं. आधी "नको गं" म्हणाली, मग दुसरा गुडघा आपणहून पुढं केला.

तिसरा दिवस, मंगळवार

दहा वाजता दारात हजर. आज गाडीनं गेलो. पहारेकऱ्यानं ओळखलं. "आज उघडं हाय," एवढंच म्हणाला. फोन पिशवीत ठेवला, चपला काढल्या, आणि त्या गार फरशीवर आत्याला आधी बरं वाटलं.

आत गेल्यावर पहिली जाणवली ती उजेडाची जात. ऊन आत येत नाही, उजेड येतो. वरून, झिरपून आल्यासारखा. चित्रावर उन्हाची तिरीप पडली की रंग मरतात आणि काचेवर आपलंच तोंड दिसतं, हे बांधणाऱ्याला पक्कं माहीत असावं. राजा स्वतः चित्रकार असल्याचा हा फायदा.

होय, स्वतः चित्रकार. नुसता विकत घेणारा नाही. १९१६ साली त्यांनी चित्रांतून रामायण सांगणारा मोठा ग्रंथ काढला, चित्रं स्वतःची. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करावी, तीही सचित्र, ही सूचना १९१८ साली त्यांनीच केली आणि एक लाख रुपये देऊ केले. त्या वेळचे एक लाख, आणि हे असलं कोरडं संस्थान. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पुरं झालं; बाळासाहेब १९५१ सालीच गेले होते. वेरूळवर त्यांचं एक पुस्तक आहे १९२९ सालचं, अजिंठ्यावर एक १९३२ सालचं. लेण्यांपुढं कागद घेऊन तासन् तास बसल्याशिवाय तशी पुस्तकं होत नाहीत.

तर भिंतीवर त्यांची चित्रं आहेत. रामायणातली आहेत, शिवाजी महाराजांच्या आयुष्यातली आहेत. आता मास्तरणीचा डोळा म्हणून खरं सांगते: रविवर्म्याच्या शेजारी ती उणी पडतात. कुठं बोटं अवघडलेली वाटतात, कुठं गर्दीतला प्रत्येक माणूस एकाच चेहऱ्याचा भाऊबंद. पण त्यांनी ती टांगली आहेत, अडगळीत टाकलेली नाहीत, आणि रविवर्मा विकत घेण्याची ऐपत असलेल्या माणसाला आपलं चित्र कुठं कमी पडतं हे दिसत नसेल असं मला वाटत नाही. दिसत असणार. तरी काढत राहिला. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं अशी आहेत. त्यांना बक्षीस मिळत नाही आणि ती वही सोडत नाहीत. त्यांना या भिंतीसमोर आणून उभं करायचं मी ठरवून टाकलं.

रविवर्म्याची 'सैरंध्री' बघायला आत्या मला शोधत आली. "अगं, द्रौपदी आहे इकडे."

"तुला कसं कळलं?"

"लिहिलंय की खाली. सैरंध्री म्हणजे द्रौपदीच. विराटाच्या घरी राणीची दासी होऊन राहिली होती, वेणीफणी करायची. आणि त्या सुदेष्णेनं मुद्दाम तिला भावाच्या महालात मद्य आणायला धाडलं. माहीत होतं तिला कीचक कसा आहे ते. बाईनंच बाईला धाडलं." मग चित्राकडे बघत, "कुणी विचारलं असेल का हिला, जातेस का म्हणून?"

मी चित्राच्या अगदी जवळ गेले, जितकं जाऊ देतात तितकं. आपण सगळे रविवर्म्याला छापील ओळखतो. त्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला गेला, आणि त्यातून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. आत्याच्या माहेरच्या देवघरावर दोघीही होत्या. काचेच्या आत, चुलीच्या धुरानं पिवळ्या झालेल्या. छापील चित्राचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, सगळीकडे सारखाच. इथं तैलरंग आहे. कापडाच्या चुणीवर जिथं उजेड पडतो तिथं रंग जाड आहे, कुंचला टेकवून उचललेला दिसतो. सावलीत तोच रंग इतका पातळ, की खालच्या कॅनव्हासचं विणकाम जाणवतं. मी मुलांना 'उजेड जाड, सावली पातळ' असं सांगते ते पुस्तकात वाचून. आज डोळ्यांनी बघितलं, वयाच्या ४६ व्या वर्षी.

धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत. सातवळेकरांचे चिरंजीव माधव सातवळेकर, जे पुढं युरोपात शिकून आले, तेही याच औंधच्या मातीतले. बंगाली शैलीची चित्रं आहेत, राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रं आहेत. लघुचित्रांपुढं मी फार वेळ घालवला. त्यांतल्या एका झाडाची पानं मोजायला लागले आणि साठाच्या पुढं नाद सोडला. हस्तिदंताची आणि चंदनाची कोरीव कामं आत्यानं बघितली आणि मी तिच्या तोंडून ऐकली. चंदनाच्या वस्तूपाशी नाक नेऊन ती म्हणाली, "काचेतून वास येत नाही, पण येतोय असं वाटतं."

एका दालनात युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या बरहुकूम नकला आहेत. माझ्यासारख्या माणसांना नकलेचं वावडं असतं. शहरातल्या एखाद्या संग्रहालयानं नकला टांगल्या तर आपण नाक मुरडू. इथं मी नाक मुरडायला तयारच होते, तेवढ्यात कुठल्याशा शाळेची सहल आली. पन्नासेक पोरं, निळे शर्ट, दोन सर. क्षणात त्या शांत जागेचा बाजार झाला. एक मुलगा नकलेपुढं थांबला आणि सरांना विचारू लागला, "सर, हे खरं हाय का बघून काढलंय?"

सर म्हणाले, "बघून काढलंय."

"मग खरं कुठंय?"

"इटलीत."

"किती लांब?"

सरांना सांगता येईना. पोरगं पुन्हा चित्राकडे वळलं आणि वाकून वाकून बघायला लागलं, खऱ्यातलं किती इथं आलंय ते ताडून बघितल्यासारखं. १९३८ साली या गावातून इटलीला कोण जाणार होतं? आजही कितीजण जातील? ज्यांना खरं कधीच दिसणार नाही त्यांना निदान बघून काढलेलं दिसावं. माझं नाक जागेवर आलं. नाहीतरी पोरांना दिवसभर मी काय करायला लावते? बघून काढायलाच.

हेही याच ठिकाणी सांगायला हवं. ज्या वर्षी ही इमारत झाली त्याच वर्षी, १९३८ च्या नोव्हेंबरात, बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजींचा सल्ला, यांतून घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत लागू झाली. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत सुरू झाली, व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला तिचाच आधार. हे सगळं मी आत्याला त्या नकलांच्या दालनात बाकावर बसून सांगितलं, पोरं आमच्या गुडघ्यांना घासत जात होती. तिनं विचारलं, "म्हणजे आधी चित्रं दिली का आधी राज्य?"

"साधारण एकदमच."

"मग घरात काय ठेवलं?"

हेन्री मूरपाशी आम्ही शेवटी आलो. मी त्याच्यासाठीच आले होते आणि म्हणूनच त्याला शेवटी ठेवलं होतं, ताटातल्या जिलबीसारखं. विसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला शिल्पकार, १९४८ साली व्हेनिसच्या बिएनालेत शिल्पकलेचं बक्षीस मिळवलेला. त्याची 'आई आणि मूल' ही दगडी मूर्ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, देवीच्या पायऱ्यांवर. मला फार मोठं काहीतरी बघायला मिळेल असं वाटत होतं. कारण नाही, नाव मोठं म्हणून. पण मूर्ती लहानशी आहे. पोरं तिच्यापुढून न थांबता निघून गेली.

मी वर्गातल्या आवाजात सुरू झाले. मूर सुरुवातीच्या काळात हातानंच दगड कोरायचा, आधी मातीचा नमुना करून कारागिराकडे देणं त्याला तेव्हा पटत नसे. दगडानं दगडासारखंच दिसावं, मऊ मांसासारखं दिसायला त्याला भाग पाडू नये, असं त्याचं म्हणणं. म्हणून नाकडोळे जेमतेम, आकार गोळाबेरीज. आत्या ऐकत होती की नाही कोण जाणे. तिनं डाव्या बाजूनं बघितलं, मग उजव्या बाजूनं बघितलं. देवळात प्रदक्षिणेला निघाल्यासारखी मागं जायचाही प्रयत्न केला, पण जागा नव्हती.

"बाई आहे आणि पोर आहे," ती म्हणाली. "यात न कळण्यासारखं काय आहे?"

"चेहरा नीट नाहीये ना, म्हणून लोकांना—"

"तांदळ्याला, शेंदूर फासलेल्या नुसत्या दगडाला, कुठं असतो चेहरा? माहूरच्या रेणुकेला तरी धड कुठं अंग आहे? नुसतं मुख, तेही शेंदराचं. आपण म्हणतोच ना आई."

मी वीस वर्षं आधुनिक शिल्प शिकवते आहे. फळ्यावर 'अमूर्तीकरण' असा शब्द लिहिते, त्याच्याखाली दोन रेघा मारते, आणि वर्ग माझ्याकडे बघत राहतो. तांदळा हा शब्द मला कधी सुचला नाही.

मग मला मूरची एक गोष्ट आठवली आणि ती मात्र मी साध्या आवाजात सांगितली. यॉर्कशरमधल्या कॅसलफर्ड गावात तो १८९८ साली जन्मला. बाप कोळशाच्या खाणीत. घरात आठ मुलं, हा सातवा. आईला संधिवात होता, आणि पोरगा लहान असताना ती त्याला पाठीला औषधी तेल चोळून द्यायला सांगायची. पुढं म्हातारपणी तो म्हणायचा, की बायकांच्या मूर्ती घडवताना आईची ती पाठ हाताला आठवते.

आत्या काही बोलली नाही. मूर्तीकडे बघत तिनं डाव्या हातानं आपला गुडघा नुसता दाबला आणि सोडला.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. सहलीची पोरं पायरीवर डबे उघडून बसली होती, इटली किती लांब आहे असं विचारणारा मुलगा मटकीची उसळ ओरपत होता. आत्यानं पिशवीतून कालच्या प्रसादाची नारळाची वाटी काढली, पहारेकऱ्याला दिली. तो म्हणाला, "देवीचा का?" ती म्हणाली, "मग कुणाचा?"

परतीला मी वडापचं नावसुद्धा काढलं नाही. साताऱ्याची गाडी वेळेवर आली, खिडकीची जागा मिळाली. रहिमतपूर मागं पडलं. आल्याच्या वावरात आज कुणी नव्हतं. आत्याचे डोळे मिटले आहेत असं बघून मी वही काढली, दीपमाळेचं चुकलेलं प्रमाण सुधारायला. तेवढ्यात डोळे न उघडताच तिनं विचारलं,

"त्या मूरच्या आईचं नाव काय गं?"

"मेरी."

"म्हणजे मरीआईच की," असं म्हणून तिनं आल्याची पिशवी मांडीवर सरळ केली आणि झोपून गेली.